चौथी प्रत

बोटींच्या ठाण्यावर "बाई" अशी हाक मारली तर पाच जणी वळून बघतील, पण "खडूबाई" म्हटलं की एकच. वय बावन्न, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला पांढऱ्या खडूचा तुकडा, ज्याचा आता कुणाला काडीचा उपयोग नाही. खलाशी पाठीमागे त्यांना खडूसबाई म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं. "एका अक्षराचा तर फरक," म्हणून त्या सोडून द्यायच्या, आणि पुढच्याच मिनिटाला खिडकी उघडी टाकून चहाला गेलेल्या तिकीटवाल्याला असं काही झापायच्या की ते अक्षर कुठून आलं हे नव्या माणसालाही कळावं.

बाईंची गोष्ट सांगायची तर आधी पाण्याची सांगावी लागते. या ठाण्याला तीन धक्के आहेत, तिन्ही गल्लीएवढे लांब, पाण्यात आत गेलेले. ओहोटी लागली की पहिला धक्का चिखलात बसतो, दुसऱ्याला फक्त लहान बोटी लागतात, आणि मोठ्या बोटींचा सगळा भार तिसऱ्यावर येतो. वेळापत्रक साहेबांनी लिहिलं तरी कुठली बोट कुठे लागणार हे शेवटी पाणीच ठरवतं, आणि तेही ऐन वेळेला. चुकीच्या धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलेला माणूस मागे फिरून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत बारा मिनिटं जातात. बोट चारच मिनिटं थांबते.

म्हणून ठाण्यावर फळे होते. एक प्रवाशांच्या दालनात, एक तिकीटखिडकीवर आणि एकेक प्रत्येक धक्क्याच्या तोंडाशी. बाई नोकरीला लागल्या त्या दालनातला मोठा फळा लिहायला. वरच्या केबिनमध्ये कर्ण्यावरून घोषणा करायला भोंगेकाका बसायचे. त्यांचा आवाज पलीकडच्या काठावर ऐकू जायचा, आणि राग त्याच्याही पुढे.

काकांची एक पद्धत होती. एखाद्या बोटीचा धक्का बदलला की ते कार्बन घातलेल्या वहीत चिठ्ठी लिहायचे. लिहायचे एकदाच, उमटायच्या चार प्रती. एक बाईंच्या हातात, एक तिकीटखिडकीवर, एक ज्या धक्क्याला बोट जाणार तिथल्या फाटकवाल्याकडे. वाटायचं काम बाईंचं. चौथी प्रत वहीतच राहते, ऑफिसची स्थळप्रत म्हणून, असं बाई धरून चालल्या होत्या. चिठ्ठी मिळाली तरी फळ्याला हात लावायचा नाही, हा कडक नियम. सगळ्यांना पोचली की काका पितळेची घंटा वाजवायचे, आणि मग सगळीकडचे फळे एका दमात पुसले जायचे. आधी चिठ्ठी, मग घंटा, मग खडू. सुरुवातीला एकदा बाईंनी घंटेआधीच फळा पुसला, तेव्हा काका जिना उतरून खाली आले आणि भर दालनात म्हणाले, "एका ठाण्याला दोन तोंडं नसतात. लोक एकाच तोंडावर विश्वास ठेवतात."

एवढं करूनही चूक झालीच तर कर्ण्यावरून सांगावं लागायचं: "प्रवाशांनी दुरुस्ती ऐकावी." हे वाक्य काकांना शिवीसारखं लागायचं. एकोणीस वर्षांत त्यांनी ते सात वेळा म्हटलं, आणि सातही तारखा त्यांना तोंडपाठ होत्या. त्यांतल्या पाच वेळा दोन बोटींची एकमेकींशी अदलाबदल झाली होती. "अदलाबदल" म्हटलं की अख्ख्या ठाण्याची पाचावर धारण बसायची.

पुढे काका निवृत्त झाले, डोळे अधू झाले, आणि ठाण्यामागच्या गल्लीतल्या खोलीत बसून दिवसभर कर्णा ऐकत राहिले. फळे गेले, स्क्रीन आले. बाहेरून आणलेला पहिला प्रोग्रॅम तीन महिन्यांत बंद पडला, आणि फळे नसलेल्या फळेवालीने काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा बाई चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांनी दुसऱ्या शहरात प्रोग्रॅमिंगची नोकरी करणाऱ्या लेकीला फोन केला आणि म्हणाल्या, "तुझी जुनी पुस्तकं पाठव." लेक आधी हसली. दोन वर्षांनी, जेवणाच्या सुटीत डबा बाजूला सरकवून आईने लिहिलेला प्रोग्रॅम तिने पाहिला, तेव्हा हसली नाही.

बाईंचं पान साधं होतं. वर लाल पट्टी: आता सुटणारी बोट. मध्ये यादी: सगळ्या बोटी, वेळा, धक्के. खाली तीन चौकटी: कुठल्या धक्क्याला या घडीला कुठली बोट आहे. हे पान तयार व्हायचं वरच्या मजल्यावरच्या एका मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर. दालनातला स्क्रीन, खिडकीवरचा, फाटकांवरचे आणि प्रवाशांचे फोन, हे सगळे नुसते फळे. सर्व्हर लिहून देईल ते दाखवायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. बाई काटकसरी होत्या. बोटीचा धक्का बदलला की सगळं पान पुन्हा कशाला पाठवा, म्हणून यादीतली तेवढी एक ओळ सर्व्हर नव्याने पाठवायचा आणि जुनीच्या जागी ती अलगद बसायची. उरलेलं पान दर दहा मिनिटांनी ताजं व्हायचं. या काटकसरीचा त्यांना फार अभिमान होता, आणि घोळ नेमका तिथेच होता.

कारण यादीतली ओळ बदलली हे वरच्या पट्टीला कोण सांगणार? खालच्या चौकटींना कोण सांगणार? दहा मिनिटं यादी एक म्हणायची आणि पट्टी दुसरं. बहुतेक वेळा निभावून जायचं. माइकवर आता बसणारी मुलगी, जिला सगळे माइकवाली म्हणत, ती हळूच "दुरुस्ती ऐकावी" म्हणून सांभाळून घ्यायची. आपला तो बाब्या, म्हणून बाईही त्याकडे काणाडोळा करायच्या.

एका सकाळी पाणी उतरलं आणि नऊ चाळीसची बोट पहिल्यावरून तिसऱ्याला गेली. यादीत तीन आलं, पट्टीवर एक तसंच राहिलं. माइकवाली बघायची यादी, लोक बघायचे पट्टी, मोठ्या अक्षरातली. दुरुस्ती कर्ण्यावरून येईपर्यंत सव्वीस माणसं पहिल्या धक्क्याच्या टोकाला पोचली होती, आणि बोट त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. पंचविसांनी आरडाओरडा केला. सव्विसावी एक तिशीची बाई, हातात फाईल, मुलाखतीला निघालेली. ती ओरडली नाही. परत येऊन खडूबाईंसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्याच पाटीवर एक लिहिलं होतं ना?"

बाईंना त्या दिवशी डबा गेला नाही. त्यांना लाज वाटली, साधीसुधी नाही, घाम फुटावा अशी.

साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना फाईल मिटलेली आवडायची. "बाई, बाहेरची एक कंपनी सगळं नवं बसवून द्यायला तयार आहे. तुमचं वय झालं, यात कमीपणा नाही. पंधरा दिवसांनी सगळ्यांत मोठी ओहोटी आहे. त्या सकाळी मी स्वतः दालनात उभा राहीन. एका जरी स्क्रीनवर दोन गोष्टी दिसल्या, तर तुमचं पान उतरवायचं." मग त्यांनी खणातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. "हरवलेल्या सामानाच्या खोलीत माणूस हवाच आहे. किल्ली राहू द्या तुमच्याकडे. तयारी असलेली बरी."

त्या खोलीत छत्र्या, एकेकटे बूट आणि कुणाची तरी दातांची कवळी होती. आठ वर्षं ज्या पानासाठी रक्त आटवलं, त्याच्या बदल्यात कवळी सांभाळायची! बाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली. ती खडूच्या तुकड्याशेजारी जाऊन पडली.

पहिला उपाय घाईचा होता. प्रत्येक तुकड्याने दर पाच सेकंदांनी सर्व्हरला विचारायचं, "माझ्यात काही बदललं का?" पट्टी विचारते, चौकटी विचारतात, हजारभर फोन विचारतात. दुपारपर्यंत मशीनच्या नाकी नऊ आले, आणि स्क्रीन मधूनमधून पांढरे पडायला लागले. शिवाय पाच सेकंद का होईना, दोन तोंडं होतीच. बाईंनी संध्याकाळी तो उपाय काढून टाकला आणि लेकीला फोन लावला.

"आई, हल्ली बरेच जण हे सगळं ब्राउझरवरच सोपवतात," लेक म्हणाली. "स्क्रीनला नुसती माहिती दे. पट्टीत काय, चौकटीत काय, ते ज्याचा त्याचा स्क्रीन ठरवेल."

"म्हणजे फळ्याला डोकं द्यायचं?"

"तसं समज."

"हजार फोनांना हजार डोकी. त्यांतली चार फिरली तर निस्तरायला तू येणार का?"

लेक हसली. "बरं बाई, राहू दे. मग सर्व्हरनेच सगळं सांगायचं. पण एक गोष्ट बदलली की ती आणखी कुठेकुठे लिहिलेली आहे, हे त्याला माहीत पाहिजे. आणि सगळ्यांना एकदम सांगता आलं पाहिजे."

फोन ठेवल्यावर बाई खुर्चीतच बसून राहिल्या. एकदा लिहायचं, पण सगळ्यांना पोचवायचं. सगळ्यांनी एकदम बदलायचं. हे ऐकल्यासारखं का वाटतंय? आणि मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अहो, चिठ्ठी आणि घंटा!

दुसऱ्या दिवशीपासून त्या भूत लागल्यासारख्या कामाला बसल्या. पानावरच्या प्रत्येक तुकड्याला एक नाव दिलं, एकाचं नाव दुसऱ्याला नाही. धक्का बदलला की सर्व्हर आता एकटी ओळ पाठवणार नव्हता. एकाच पाकिटात यादीची ओळ, वरची पट्टी आणि नव्या धक्क्याची चौकट, तिन्ही ताज्या लिहिलेल्या, प्रत्येकीवर तिच्या जागेचं नाव. पाकीट स्क्रीनवर पोचलं की ज्या त्या नावाचा तुकडा ज्याच्या त्याच्या जागी बसणार, एका दमात. विचारपूस नाही, वाट बघणं नाही. बाईंनी एक बोट तिसऱ्या धक्क्याला लावून पाहिली. ओळ, पट्टी, चौकट, तिन्ही एकदम बदलल्या. पुन्हा केलं. पुन्हा बदलल्या. माइकवालीने टाळी वाजवली, आणि बाई, ज्यांना ठाण्यावर कुणी हसताना पाहिलं नव्हतं, त्या चक्क हसल्या.

ओहोटीला तीन दिवस राहिले होते. बाई मिरवत मिरवत भोंगेकाकांच्या खोलीवर गेल्या. काका खिडकीशी बसले होते, कान कर्ण्याकडे. बाईंनी सगळं सांगितलं. पाकीट, नावं, तीन तुकडे. काकांनी मान हलवत ऐकून घेतलं.

"झकास. आणि चौथी कुणाला दिलीस?"

"चौथी कसली, काका? ती स्थळप्रत ना? वहीत राहायची ती."

"वहीत?" काका खिडकीकडून वळले. "तीन तू वाटायचीस. घंटेआधी मी जिना उतरून कुठे जायचो, काय वाटायचं तुला?"

"बिडी ओढायला."

"बिडी!" काका एवढ्या जोरात हसले की त्यांना ठसका लागला. "अगं, ज्या धक्क्याची बोट गेली, त्या फाटकवाल्याला चौथी चिठ्ठी मी स्वतः द्यायचो. बोट जिथे येते तिथे सगळ्यांचं लक्ष असतं. जिथून जाते तिथला फळा कुणी पुसत नाही. आणि चुकलेला माणूस तिथेच उभा असतो."

बाईंचा चेहरा पडला. चाचणीसाठी त्यांनी दर वेळी नव्याने येणारी, अजून कुठल्याच चौकटीत नसलेली बोट घेतली होती आणि बघितलं होतं फक्त ती जिथे येते तिथे. पहिल्यावरून बोट तिसऱ्याला नेली असती, तर पहिल्याची चौकट दहा मिनिटं खुशाल जुनीच बोट दाखवत बसली असती. फाइलवाली बाई याच पहिल्या धक्क्याच्या टोकाला उभी होती. एकोणीस वर्षं नाकासमोर चाललेली गोष्ट, आणि बाईंनी ती बिडीच्या खाती टाकली होती.

"त्या चौथ्या तुकड्यात लिहिते मग, 'रिकामा,'" त्या उठत म्हणाल्या.

"बस खाली." काकांच्या आवाजात जुना कर्णा जागा झाला. "रिकामा कधीच लिहायचं नाही. अदलाबदल झाली तर? गेलेल्या बोटीच्या जागी तेवढ्यात दुसरी आली असेल. काय गेलं ते लिहू नकोस. तिथे आत्ता काय आहे, ते बघून लिही."

बाई ठाण्यावर परतल्या त्या जवळजवळ धावतच.

ओहोटीच्या सकाळी साहेब खरंच दालनात येऊन उभे राहिले, हात मागे बांधून. बाई वरच्या खोलीत, समोर कळफलक, शेजारी माइकवाली. नऊ चाळीसची पहिल्यावरून तिसऱ्याला गेली. बाईंनी एक कळ दाबली. ओळ, पट्टी, तिसऱ्याची चौकट, पहिल्याची चौकट, चारही एकदम बदलल्या. लोक सरळ तिसऱ्याकडे चालायला लागले. साहेबांनी मान किंचित हलवली, पण जागचे हलले नाहीत. नऊ चाळीसची बोट भोंगा देऊन वेळेवर सुटली.

दहा वाजून गेले. दुसऱ्या धक्क्याला दहा वीसची मोठी बोट, तिसऱ्याला दहा पंचवीसची लहान लागायची होती. दोन्हींचे प्रवासी दालनात गोळा होत होते, दीडशे तरी असतील. आणि खालून वायरलेसवर खलाशाचा आवाज आला, "तळ लागतोय! पाणी अंदाजापेक्षा खाली गेलंय! मोठी तिसऱ्याला घेतो, लहान दुसऱ्याला पाठवा!"

"अदलाबदल," माइकवाली पुटपुटली, आणि तिचा रंग उडाला.

बाईंच्या बोटांना काम माहीत होतं. दोन्ही बदल एकत्र भरले. एकदा तपासले. कळ दाबली.

पाकीट निघालं. यादीच्या दोन ओळी, वरची पट्टी, दुसऱ्याची चौकट, तिसऱ्याची चौकट. दुसऱ्याच्या चौकटीत मोठीच्या जागी 'रिकामा' आलं नाही, लहान बोट आली. तिसऱ्याच्या चौकटीत मोठी आली. माइकवालीने समोरच्या पानावरून वाचलं, एका श्वासात, न अडखळता: "दहा वीसची बोट तिसऱ्या धक्क्यावरून, दहा पंचवीसची दुसऱ्या धक्क्यावरून." आणि दालनात, खिडकीवर, फाटकांवर, दीडशे माणसांच्या हातातल्या फोनांवर एकच गोष्ट दिसत होती.

साहेब मात्र खमके. त्यांनी दालनातल्या स्क्रीनवर विश्वास न ठेवता दुसऱ्या धक्क्याच्या तोंडापर्यंत पळत जाऊन फाटकावरचा स्क्रीन पाहिला. बरोबर. मग तिसऱ्याच्या. बरोबर. एका प्रवाशाच्या हातातला फोन मागून घेऊन पाहिला. तोही बरोबर. दोन्ही धक्क्यांवरून लोक शिस्तीत आपापल्या बोटीत चढत होते. चुकीच्या टोकाला उभं असं एकही माणूस नव्हतं. दहा वीसची वीसला सुटली, पंचवीसची पंचवीसला.

साहेब जिना चढून वर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. बाई उभ्या राहिल्या. साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि हात पुढे केला.

"ती किल्ली द्या इकडे."

बाईंनी पर्स उघडून किल्ली काढली. खडूची पांढरी भुकटी लागलेली होती तिला. साहेबांनी ती रुमालाने पुसली आणि खिशात टाकली. "त्या खोलीसाठी दुसरं कुणी बघतो," ते म्हणाले. "आणि बाई, बाहेरच्या कंपनीला पत्र मी आजच पाठवतो." माइकवाली खुर्चीतून उठून बाईंच्या गळ्यातच पडली.

दुपारी डब्याची सुटी होताच बाई गल्लीतून तडक काकांकडे निघाल्या. काय काय सांगायचं ते मनात जुळवत होत्या. तळ लागलेली बोट, अदलाबदल, साहेबांची धावाधाव, किल्ली. काका खिडकीशीच होते. बाईंनी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला.

"दहा वाजून दहा मिनिटांनी अदलाबदल झाली," ते म्हणाले. "मोठी तिसऱ्याला, लहान दुसऱ्याला. खरं की नाही?"

"तुम्हाला कसं..."

"कर्णा ऐकतो मी. घोषणा झाली, आणि मी बसलो वाट बघत. म्हटलं, आता येईल, आता येईल. दोन्ही बोटींचे भोंगे वाजले." काकांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "दुरुस्ती आलीच नाही, पोरी."

बावन्न वर्षांच्या खडूबाई त्या खोलीच्या दारात उभ्या राहून ढसाढसा रडल्या, आणि रडता रडता हसल्या. मग त्यांनी आत जाऊन डबा उघडला, दोन ताटल्या काढल्या आणि काकांना पहिल्यापासून सगळं सांगितलं.

बाईंच्या प्रोग्रॅममध्ये चौथा तुकडा पाकिटात घातला जातो, त्या जागी आजही एक ओळ लिहिलेली आहे, मशीन जी वाचत नाही, फक्त पुढे काम करणाऱ्या माणसासाठी: "चौथी प्रत भोंगेकाकांची. ही कधीही काढू नये."